व्हिडिओशेजारचा चौकोन: यूट्यूबवरच्या जाहिरातींचे पैसे कुठून येतात आणि आपल्या चॅनेलवर त्यांची घडी कशी बसवायची

संगणकावर यूट्यूबचा कुठलाही व्हिडिओ उघडा आणि दोन मिनिटं व्हिडिओकडे बघूच नका. त्याच्या आजूबाजूला बघा. उजवीकडे पुढच्या व्हिडिओंची यादी लागते, तिच्या डोक्यावर बहुतेक वेळा चित्राचा एक चौकोन असतो: गृहकर्ज, मोटारसायकल, एखादं ऑनलाइन दुकान. कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ लिहिलेलं. आता यूट्यूबच्या मुखपृष्ठावर या. तिथे अगदी वर एक मोठी, रुंद जाहिरात दिसेल आणि खाली व्हिडिओंच्या रांगेत, इतर व्हिडिओंसारखीच दिसणारी आणखी एक. मोबाइलवर हेच सगळं एकाखाली एक येतं.

या जागा दिसायला सारख्या असल्या तरी त्यांचे पैसे वेगवेगळ्या खिशांत जातात. मुखपृष्ठावरची सगळ्यांत वरची जागा, जिला मास्टहेड म्हणतात, ती यूट्यूब मोठ्या कंपन्यांना आगाऊ आरक्षण घेऊन विकतं. तिथली कमाई यूट्यूबची. मुखपृष्ठाच्या आणि शोधाच्या यादीत बसणाऱ्या जाहिरातींचंही तेच. प्रेक्षक तुमच्या व्हिडिओच्या पानावर पोचला, की तिथे लागणाऱ्या जाहिरातींत तुमचा वाटा सुरू होतो. चॅनेल चालवणाऱ्यानं पहिल्यांदा ओळखायची ती ही सीमा. ‘यूट्यूबवर इतक्या जाहिराती दिसतात, मग माझ्या खात्यात एवढेच का?’ हा प्रश्न मला ज्यांनी ज्यांनी विचारला, त्यांच्यातल्या निम्म्यांना इथेच उत्तर मिळालं.

मी तासगावची. बरीच वर्षं सांगलीत एका दैनिकाच्या जाहिरात विभागात काढली. कॉलम सेंटीमीटर मोजायचे, रिलीज ऑर्डर तपासायची, संध्याकाळी पानांची डमी संपादकीयकडे द्यायची. आता घरूनच ओळखीतल्या काही चॅनेलांचं जाहिरातींचं आणि हिशोबाचं काम बघते. एक द्राक्षबागायतदार मुलगा आहे, तो खरड छाटणीपासून विरळणीपर्यंत सगळं बागेत उभा राहून दाखवतो. एक भजनी मंडळ आहे. आमच्या शेजारच्या वहिनी रोजच्या स्वयंपाकाचे व्हिडिओ करतात. आणि एक निवृत्त गुरुजी पाढे आणि बालगीतं म्हणतात. पुढे जे लिहिलंय ते या चौघांचं काम करताना हाताखालून गेलेलं आहे.

भाव कसा ठरतो

पेपरात दरपत्रक असायचं. आतल्या पानाचा दर इतका, पहिल्या पानाला ज्यादा, पहिल्या पानावर सोलस, म्हणजे पानावर एकटीच, हवी तर आणखी ज्यादा. खप वाढला की दर वाढवायचा. एकदा पान छापलं की मिरजेतल्या डॉक्टरांच्या घरीही तीच जाहिरात आणि कवठेमहांकाळच्या एसटी स्टँडवरही तीच.

यूट्यूबवर बहुतेक जागांना असं दरपत्रक नाही. तिथे प्रत्येक वेळी, प्रत्येक माणसासाठी वेगळा लिलाव होतो. कुणी तुमचा व्हिडिओ उघडला की त्या पानाची माहिती लिलावात जाते: विषय कुठला, भाषा कुठली, बघणारा साधारण कुठल्या भागातला, हातात मोबाइल आहे की समोर संगणक, याआधी त्यानं कशात रस दाखवलाय. जाहिरातदारांनी आपापल्या सूचना आधीच भरून ठेवलेल्या असतात. कुणाला महाराष्ट्रातले शेतकरी हवेत आणि एका क्लिकला तो अमुक रुपयांपर्यंत द्यायला तयार आहे. कुणाला फक्त पुण्यातली घर शोधणारी माणसं हवीत. यंत्रं परस्पर बोली लावतात, जिंकणाऱ्याचं चित्र चौकोनात येऊन बसतं. हे सगळं पान पूर्ण उघडायच्या आत झालेलं असतं. म्हणून छाटणीचा एकच व्हिडिओ बघताना बागायतदाराला ठिबकची जाहिरात दिसते आणि त्याच्या पुण्यातल्या बहिणीला साड्यांच्या सेलची.

चित्राच्या जाहिरातीचे पैसे दोन पद्धतींनी आकारले जातात: क्लिकवर, नाहीतर दर हजार वेळा दिसण्यावर. ‘दिसली’ कधी म्हणायचं याचा धंद्यात ठरलेला नियम आहे. जाहिरातीचा निम्मा भाग पडद्यावर सलग एक सेकंद राहिला, तर ती दिसली. पेपरात आम्ही असा नियम लावला असता तर घडी न उघडता रद्दीत गेलेल्या अंकांचे पैसे परत करावे लागले असते! जाहिरातदाराच्या बाजूनं बघता हा नियम रास्त आहे, आणि तुमच्या कमाईचं एक कोडं त्यातून सुटतं. प्रेक्षकानं मोबाइल आडवा करून व्हिडिओ पूर्ण पडद्यावर नेला, किंवा दिवाणखान्यातल्या टीव्हीवर लावला, की शेजारचा चौकोन उरतच नाही. तिथे फक्त व्हिडिओच्या आत येणाऱ्या जाहिराती कमावतात. भजनी मंडळाचे प्रेक्षक एकादशीला घरच्या टीव्हीवर तास-तास भजनं लावून ठेवतात. त्यांच्या खात्यात चित्रांच्या जाहिरातींचा आकडा जवळजवळ दिसत नाही. वहिनींचे प्रेक्षक मोबाइल उभा धरून, खाली साहित्याची यादी वाचत बघतात, तिथे हा आकडा बरा असतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. व्हिडिओच्या सुरुवातीला एखादी हलती जाहिरात लागते तेव्हा उजवीकडे त्याच कंपनीची छोटी पट्टी झळकते. ती सोबतची पट्टी असते, जाहिरातदाराला तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. म्हणजे उजवीकडे दिसलेलं प्रत्येक चित्र वेगळं विकलं गेलेलं नसतं.

इथवर कसं आलं

फेब्रुवारी २००५ मध्ये यूट्यूब सुरू झालं, तेव्हा त्याच्याकडे गर्दी होती आणि पैसा नव्हता. ऑक्टोबर २००६ मध्ये गूगलनं ते १.६५ अब्ज डॉलरच्या शेअरांच्या बदल्यात घेतलं. त्यानंतर दोन पावलं महत्त्वाची पडली. मे २००७ मध्ये व्हिडिओ करणाऱ्यांना वाटा देणारी भागीदारी योजना आली, आणि त्याच ऑगस्टमध्ये व्हिडिओच्या तळाशी उमटणारी अर्धपारदर्शक पट्टी आली. ती पट्टी तुम्हाला आठवत असेल. बंद करायला बारीकशी फुली शोधावी लागायची. संगणकावर ती अगदी एप्रिल २०२३ पर्यंत टिकली आणि मग यूट्यूबनं काढून टाकली, कारण बघणाऱ्याला तिचा त्रास होत होता. डिसेंबर २०१० मध्ये पाच सेकंदांनी वगळता येणारी जाहिरात आली, आणि कमाईचा ओघ चित्रांकडून हलत्या जाहिरातींकडे वळत गेला. २०२४ मध्ये यूट्यूबला जाहिरातींतून ३६ अब्ज डॉलरहून जास्त मिळाले.

सगळ्याच व्हिडिओ साइट्सनी हा मार्ग घेतला असं नाही. २००४ साली सुरू झालेल्या व्हिमिओनं व्हिडिओ चढवणाऱ्याकडून वर्गणी घ्यायचं ठरवलं आणि व्हिडिओवर जाहिराती लावल्या नाहीत. फ्रान्सच्या डेलीमोशननं जाहिरातींचाच रस्ता धरला. आपल्याकडच्या मराठी चॅनेलांचा संबंध मात्र नव्व्याण्णव टक्के यूट्यूबशीच येतो, म्हणून इथून पुढे तेवढंच.

आत जाण्याची अट

जाहिरातींत वाटा मिळायला १,००० सदस्य हवेत आणि गेल्या बारा महिन्यांत लोकांनी तुमचे जाहीर व्हिडिओ मिळून ४,००० तास बघितलेले हवेत. नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सना, म्हणजे यूट्यूबच्या छोट्या उभ्या व्हिडिओंना, १ कोटी व्ह्यूज हवेत. शॉर्ट्सच्या रांगेत बघितलेला वेळ ४,००० तासांत धरत नाहीत, हे आधीच समजून घ्या. ५०० सदस्यांवरही एक दार उघडतं, पण ते प्रेक्षकांकडून थेट मिळणाऱ्या पैशांसाठी आहे. जाहिरातींचा वाटा तिथे नाही.

‘माझ्या चॅनेलला अजून मंजुरी नाही, तरी व्हिडिओवर जाहिरात कशी लागते?’ लागते. नोव्हेंबर २०२० मध्ये यूट्यूबनं अटी बदलल्या, आधी अमेरिकेत आणि मग २०२१ मध्ये इतर देशांत. योजनेत नसलेल्या चॅनेलांवरही जाहिराती लावायचा हक्क त्यांनी घेतला, आणि त्यात तुमचा वाटा शून्य. मला हे पटत नाही, कारण लहान चॅनेलवाल्याचं कष्टाचं पान फुकट वापरलं जातं. पण अटी त्यांच्या आहेत. लवकर पात्र व्हायचं, एवढंच हातात राहतं.

मंजुरी आली की यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनेल सांभाळायच्या पानावर, ‘कमाई’ विभागात जा. तिथे वेगवेगळे करार दिसतील. वॉच पेज जाहिरातींचा करार स्वीकारला तरच मोठ्या व्हिडिओंच्या पानावरचा वाटा सुरू होतो, आणि तो ५५ टक्के आहे. शॉर्ट्सचा करार वेगळा, त्यात तुमच्या हिश्श्याला आलेल्या रकमेचे ४५ टक्के. मंजुरीचं पत्र आलं म्हणून लोक पेढे वाटतात आणि करार तसाच पडून राहतो. आधी करार उघडा.

आकडे वाचायला शिका

स्टुडिओत दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात आणि सगळा गोंधळ त्यांच्यातच होतो. सीपीएम म्हणजे जाहिरातदारानं दर हजारामागे किती मोजले. आरपीएम म्हणजे तुमच्या दर हजार व्ह्यूजमागे तुमच्या हातात किती पडले. पहिला यूट्यूबचा वाटा कापण्याआधीचा, दुसरा कापल्यानंतरचा.

एक हिशोब मांडून बघू. आकडे फक्त समजण्यासाठी धरलेत. व्हिडिओला १ लाख व्ह्यूज आले. त्यातल्या ४०,००० वेळाच जाहिरात लागली, कारण उरलेल्या वेळी लिलावात कुणी पुरेशी बोली लावली नाही, किंवा प्रेक्षकाकडे जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर होतं. जाहिरात लागलेल्या दर हजार वेळांमागे जाहिरातदारांनी ८० रुपये दिले. ४० गुणिले ८०, म्हणजे ३,२०० रुपये. त्यातले ५५ टक्के तुमचे, १,७६० रुपये. ते १ लाख व्ह्यूजवर पसरले की आरपीएम झाला १७ रुपये ६० पैसे. सीपीएम ८० दिसतो आणि हातात सतरा-अठरा पडतात, त्याचं कारण हे. यात कुणी लबाडी केलेली नाही. दोन्ही आकडे वेगळ्या गोष्टी मोजतात.

आता ‘ॲडव्हान्स्ड मोड’ उघडा आणि जाहिरातीच्या प्रकाराप्रमाणे कमाई फोडून बघा. वगळता येणाऱ्या, न वगळता येणाऱ्या, सहा सेकंदांच्या बंपर आणि डिस्प्ले, म्हणजे चित्राच्या, अशा ओळी दिसतील. डिस्प्लेची ओळ लहान असेल. तरी महिनोनमहिने ती नोंदत राहा, कारण तुमचे प्रेक्षक संगणकावरून मोबाइलकडे आणि मोबाइलवरून टीव्हीकडे कसे सरकतात, ते या ओळीत सगळ्यांत आधी उमटतं.

काय आपल्या हातात आहे

नोव्हेंबर २०२३ पासून ‘ही जाहिरात हवी, ती नको’ असं प्रकारवार निवडायची सोय यूट्यूबनं काढली. सुरुवातीला कुठली लावायची, वगळता येणारी की न येणारी, ते यंत्र ठरवतं. व्हिडिओच्या शेजारच्या चौकोनावरही तुमचं नियंत्रण नाही; कमाई चालू म्हणजे तो चालू. तरी तीन गोष्टी अजून आपल्या हातात आहेत आणि त्या मन लावून कराव्यात.

पहिली, मधल्या जाहिरातींच्या जागा. आठ मिनिटांपेक्षा मोठ्या व्हिडिओत त्या लावता येतात. यंत्रावर सोडलं तर ते स्वतः जागा शोधतं, आणि मे २०२५ पासून ते नैसर्गिक थांब्यांवर जास्त भर देतंय. पण भजनातला थांबा यंत्राला कळतो यावर माझा विश्वास नाही. तुकोबांच्या अभंगात ध्रुपद परत येतं, टाळ टिपेला जातात आणि त्या क्षणी वॉशिंग पावडर लागली, तर ऐकणारा माणूस उठून जातो, तो परत येत नाही. मंडळाचे व्हिडिओ मी स्वतः ऐकते, एक अभंग संपून दुसऱ्याच्या आधी बुवा बोलायला लागतात तिथेच जागा ठेवते, आणि यंत्रानं निवडलेल्या बाकीच्या काढते. वहिनींच्या व्हिडिओत फोडणीच्या आधी नाही, झाकण ठेवल्यावर. बागायतदार मुलाला सांगितलंय, की एका काडीवरून दुसरीकडे जाताना एक श्वास थांब, मला तिथे जागा मिळते.

दुसरी गोष्ट म्हणजे जाहिराती अडवणं. हे बहुतेकांना माहीत नसतं. ॲडसेन्सच्या, म्हणजे गूगलकडून जाहिरातींचे पैसे ज्यातून मिळतात त्या खात्यात ब्लॉकिंग नियंत्रणं असतात, तिथे यूट्यूबसाठी वेगळी यादी दिसते. एखाद्या जाहिरातदाराचा वेबपत्ता टाकून त्याला बंद करता येतं, आणि संवेदनशील प्रकार अख्खेच्या अख्खे बंद करता येतात: काळी जादू, ज्योतिष, झटपट श्रीमंतीच्या योजना, वजन घटवणं, डेटिंग, उत्तेजक चित्रं, राजकारण. पेपरात असताना वशीकरणवाल्या बाबांच्या छोट्या जाहिराती रोज यायच्या आणि मला त्या लावाव्या लागायच्या. आता भजनी मंडळाच्या खात्यात काळी जादू आणि ज्योतिष दोन्ही पहिल्या दिवशी बंद केलं. गुरुजींच्या खात्यात झटपट श्रीमंतीही बंद. एक जाहिरातदार अडवला की लिलावात बोली लावणारे कमी होतात, म्हणून भाव थोडा उतरू शकतो. तो उतरू द्या. मंडळाच्या अध्यक्षांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “ताई, माउलींच्या अंगणात भानामतीवाला नको.” मात्र सामान्य प्रकार, म्हणजे वाहनं, बँका, कपडे, यांना उगाच हात लावू नका.

तिसरी, प्रामाणिक नोंद. व्हिडिओ चढवताना तो जाहिरातींना योग्य आहे का हे विचारतात: शिवीगाळ, हिंसा, व्यसनं वगैरे. खरं ते भरा. स्टुडिओत व्हिडिओसमोरचं डॉलरचं चिन्ह पिवळं आलं तर जाहिराती कमी लागतात, आणि चुकीचं वाटलं तर माणसाकडून फेरतपासणी मागता येते. मुलांसाठी बनवलेला व्हिडिओ असेल तर तसंच लिहा. सप्टेंबर २०१९ मध्ये मुलांची माहिती गोळा केल्याच्या प्रकरणात गूगल आणि यूट्यूबला अमेरिकेत १७ कोटी डॉलर भरावे लागले, आणि जानेवारी २०२० पासून मुलांच्या व्हिडिओंवर बघणाऱ्याच्या आवडीनिवडीवरून जाहिराती लावणं बंद झालं. तिथे फक्त विषयावरून जाहिरात लागते, म्हणून दर कमी मिळतो. गुरुजींचा आरपीएम वहिनींपेक्षा खाली राहतो तो यामुळे, आणि तो तसाच राहणार. पाढ्यांचा व्हिडिओ मोठ्यांसाठी आहे असं दाखवून दर वाढवायचा सल्ला कुणी देत असेल तर ऐकू नका.

स्वतःच्या जाहिरातीवर बोट ठेवू नका

हे वेगळं लिहिते, कारण गावाकडे आपुलकीपोटीच घोटाळा होतो. चॅनेलला मंजुरी मिळाली की भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप फिरतो: ‘आपल्या पोराचा व्हिडिओ बघा आणि जाहिरात आली की तिच्यावर क्लिक करा.’ एका भागातून, त्याच त्या मोबाइलांवरून, काहीही खरेदी न करता पटापट क्लिक आले की ते यंत्राला लगेच दिसतं. अशा क्लिकचे पैसे कापले जातात, आणि प्रकार वाढला तर ॲडसेन्सचं खातं बंद होतं. त्या क्लिकसाठी कुठल्या तरी दुकानदारानं खरे पैसे मोजलेले असतात, हेही लक्षात घ्या. मी पेपरात त्या दुकानदारांच्या समोर बसून काम केलंय, दिवाळीच्या एका पानासाठी ते किती विचार करतात ते पाहिलंय.

स्वतःचा व्हिडिओ बघायचा तर बघा, जाहिरातीला हात लावू नका. कुठला जाहिरातदार येतोय याची उत्सुकता असेल तर जाहिरातीवरच्या तीन ठिपक्यांतून त्याचं नाव आणि ही जाहिरात का दिसली ते वाचता येतं. २०२३ पासून गूगलचं जाहिरात पारदर्शकता केंद्रही आहे. तिथे जाहिरातदाराचं नाव टाकलं की तो सध्या कुठल्या कुठल्या जाहिराती चालवतोय ते क्लिक न करता बघायला मिळतं.

बोली लावणारे कधी आणि कुठून येतात

दसऱ्यापासून भाव चढतो, दिवाळीत टोकाला जातो, जानेवारीत खाली येतो. कंपन्यांचा खर्च सणांना होतो, हे पेपरातही तसंच होतं. म्हणून मोठ्या मेहनतीचा व्हिडिओ जानेवारीत न सोडता सप्टेंबरअखेर सोडा. द्राक्षाच्या बाबतीत हे आपोआप जुळतं: ऑक्टोबरची फळछाटणी नेमकी या हंगामात येते, आणि औषधांपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांना त्याच वेळी बागायतदार हवा असतो. फक्त व्हिडिओच्या नावात आणि वर्णनात पीक, काम आणि महिना स्पष्ट मराठीत लिहा. ‘खतरनाक रिझल्ट’ असं नाव दिलं तर यंत्राला विषय कळत नाही आणि ठिबकवाला बोली लावत नाही.

प्रेक्षक कुठे बसलाय यावर भाव सगळ्यांत जास्त बदलतो. वहिनींच्या पुरणपोळीला न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांतून जे व्ह्यूज येतात, ते संख्येनं थोडे, पण तिथले जाहिरातदार हजारामागे कितीतरी जास्त मोजतात. म्हणून त्यांनी साहित्याची मापं ग्रॅमसोबत कपांमध्येही द्यायला सुरुवात केली. मापं समजली की तिकडच्या मुली व्हिडिओ शेवटपर्यंत बघतात.

जवळचा जाहिरातदारही आणता येतो, आणि माझ्या जुन्या धंद्याची ही आवडती बाजू आहे. गूगल ॲड्सच्या खात्यात जाहिरातदाराला ठरावीक चॅनेल निवडता येतं, आणि शहर किंवा एखाद्या ठिकाणाभोवतीचे ठरावीक किलोमीटरही. ट्रॅक्टरच्या डीलरला सांगा, की सांगली जिल्ह्यातल्या प्रेक्षकांनाच, आमच्याच चॅनेलवर, रोज इतक्याच रुपयांची जाहिरात चालव. तो पैसे गूगलला देईल, तुम्हाला ५५ टक्के मिळतील. तोच डीलर थेट तुम्हाला पैसे देऊन व्हिडिओत नाव घ्यायला सांगत असेल, तर पूर्ण रक्कम तुमची, पण मग सशुल्क प्रसिद्धीची खूण करायची आणि व्हिडिओतही स्पष्ट सांगायचं. भारतीय जाहिरात मानक परिषदेची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात.

वहिनींनी पाककृती लिहून ठेवण्यासाठी स्वतःची छोटी वेबसाइट काढली, तिथे व्हिडिओही डकवतात. डकवलेल्या व्हिडिओच्या आतली जाहिरात यूट्यूबच्या करारातच धरली जाते. त्याच्या भोवतीचे चौकोन मात्र साइटच्या मालकाचे, म्हणजे वहिनींचे. ॲडसेन्समधून तिथे साधारण ६८ टक्के हातात येतात. ॲडसेन्सला मराठी चालते. फक्त नुसता व्हिडिओ डकवून भोवती जाहिराती लावलेलं पान चालत नाही, स्वतःचा मजकूर हवा. संगणकासाठी ३०० गुणिले २५० चा चौकोन आणि मोबाइलसाठी ३२० गुणिले ५० ची पट्टी, या दोन मापांना मागणी भरपूर असते. कृतीच्या मधोमध चार-चार चौकोन घुसडू नका, कढई तापलेली असताना बाईला पुढची पायरी सापडली पाहिजे.

पैसे घरी येईपर्यंत

खात्यात १० डॉलर झाले की गूगल पोस्टानं एक पिन पाठवतं. पत्ता आधारवर आहे तसा, पिनकोडसह, आणि पोस्टमनला घर सापडेल अशी खूण लिहून भरा. दोन ते चार आठवडे लागतात. वाडीवस्तीवर राहत असाल तर पोस्टात आधीच सांगून ठेवा, पत्र साधंच दिसतं.

मग अमेरिकेचा कराचा फॉर्म, डब्ल्यू-८ बेन. तो टाळू नका. समजा महिन्याची कमाई १,००० डॉलर आणि त्यातले १०० डॉलर अमेरिकेतल्या प्रेक्षकांचे. फॉर्म भरला नाही तर सगळ्या कमाईवर २४ टक्के, म्हणजे २४० डॉलर कापले जाऊ शकतात. फॉर्म भरून भारत-अमेरिका कर कराराचा लाभ मागितला तर फक्त अमेरिकेच्या कमाईवर १५ टक्के, म्हणजे १५ डॉलर. फॉर्ममध्ये पॅन क्रमांक लागतो आणि नाव पॅनवरच्या स्पेलिंगप्रमाणेच हवं.

बँक खातं परदेशातून पैसे घेऊ शकणारं हवं. गावच्या पतसंस्थेचं खातं इथे उपयोगाचं नाही. स्विफ्ट कोड, म्हणजे परदेशी व्यवहारात बँक ओळखायचा क्रमांक, लागतो, आणि तो तालुक्याच्या शाखेला नसेल तर बँकेच्या परकीय चलन हाताळणाऱ्या मोठ्या शाखेचा कोड चालतो का ते लेखी विचारून घ्या. मागच्या महिन्याची कमाई साधारण ७ ते १२ तारखेच्या दरम्यान ॲडसेन्समध्ये पक्की होते, शिल्लक १०० डॉलर भरली असेल तर २१ ते २६ च्या दरम्यान निघते. नाही भरली तर पुढच्या महिन्यात जोडली जाते, बुडत नाही.

हे उत्पन्न प्राप्तिकर विवरणपत्रात व्यवसायाचं म्हणून दाखवावं लागतं. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे जायची चिन्हं दिसली तर जीएसटीसाठी सीएकडे जा. तोपर्यंत एक वही पुरते. महिना, डॉलरमधली रक्कम, अमेरिकेत कापलेला कर, बँकेनं कापलेला आकार, आणि खात्यात पडलेले रुपये, असे पाच रकाने आखा आणि २६ तारखेनंतर भरा. जुलैत विवरणपत्र भरताना सीए हेच पाच मागतो.